गाळाचा रंग आणि बळ्ळारी नाला

नाल्याच्या गाळाचा रंग करून चित्रं काढायच्या या चर्चेत, अशा चित्रांनी प्रदूषण मोजता येत नाही, असं वर दोघांनी लिहिलंय. कबूल, आकडा प्रयोगशाळाच देणार. पण कुठला गाळ तपासायला पाठवावा याचा अंदाज हाताळताना येतो.

काचेच्या बरणीत गाळ आणि पाणी ढवळून ठेवा. वाळू मिनिटाभरात तळाला बसते, पोयट्याला (वाळूहून बारीक गाळाला) तास लागतात, चिकणमाती मात्र दिवसदिवस तरंगत राहते. शिशासारखे विषारी जड धातू मुख्यतः या बारीक कणांनाच चिकटतात, आणि रंगासाठी नेमका तोच थर लागतो! म्हणून बेळगावातल्या बळ्ळारी नाल्याचा, म्हणजे सांडपाण्याच्या नाल्याचा, गाळ घेणार असाल तर हातमोजे हवेतच, आणि वाळलेली ढेकळं पोरांना कुटायला देऊ नका. धूळ नाकात जाते.

सांडपाण्यामुळे तळाशी ऑक्सिजन उरत नाही, लोहाचं सल्फाइड होतं. म्हणून गाळ काळाकुट्ट आणि वास सडक्या अंड्यांचा. कागदावर पातळ थर द्या, हवा लागली की काळा रंग हळूहळू तपकिरी होतो. शेजारी कणकुंबीकडची, मलप्रभा नदीच्या उगमाजवळची लाल माती लावा. तिचा लालपणाही लोहाचाच, फक्त हवेतला ऑक्सिजन मिळालेल्या लोहाचा. (शाळेतल्या रसायनशास्त्रात हे असं कुणी दाखवलं नाही.)

अमेरिकेत ओहायोमध्ये जॉन सॅब्रॉ हे चित्रकार खाणींच्या आम्लयुक्त पाण्यातल्या लोहापासून रंग बनवतात. आपल्याकडे माती गाळायची रीत खानापूरच्या कुंभारांना विचारा. आणि प्रत्येक कागदामागे जागा, तारीख, पावसाआधी की नंतर, एवढं लिहाच.