शून्याची वजाबाकी आणि अपूर्णांक
'५०३ वजा २७८ मध्ये मधल्या शून्यापाशी मुलं अडतात, दहा-दहा काड्यांचे गठ्ठे द्या' हा सल्ला मला पटला. फक्त गठ्ठा सोडताना त्याच वेळी वहीत लिहायलाही लावा: ४ शतक, ९ दशक, १३ एकक (एक शतक सोडून १० दशक, त्यातला एक दशक सोडून १० एकक). ते ९ कुठून आले हे कळलं नाही, तर नुसतं पाठांतर उरतं.

हीच सवय अपूर्णांकातही फार उपयोगी पडते. ३ मधून ३/४ वजा करताना एक पूर्ण सोडून त्याचे चार पाव करायचे: २ पूर्ण आणि ४/४. उरतात २ पूर्ण १/४. माझ्या वर्गात मुलं इथे आपणहून 'सुटे करू' म्हणतात. मात्र गठ्ठा नेहमी दहाचा, इथे छेद सांगेल तितक्यांचा, हे आधीच बोलून घ्या. नाहीतर काही जण पूर्णाचेही दहा भाग करतात.