शनिवारच्या सिनेमावरून सोसायटीच्या ग्रुपवर

देशपांडे काका, बी-३०२: नमस्कार मंडळी. शनिवारी क्लबहाउसमध्ये 'द डे द अर्थ स्टुड स्टिल' बघायला आलात, सगळ्यांचे मनापासून आभार. परग्रहावरचा क्लाटू गॉर्ट नावाच्या यंत्रमानवाला घेऊन उडत्या तबकडीतून पृथ्वीवर येतो, त्याची ही गोष्ट. १९५१चा कृष्णधवल सिनेमा, तोही दीड तासाचा, आणि एकही मूल मध्येच उठून गेलं नाही. कोणाला काय वाटलं ते इथे लिहा.

स्नेहा, ए-१०४: काका, अर्णवने कालपासून भंडावून सोडलंय. गॉर्टच्या पोशाखाची चेन कुठेच दिसली नाही, मग माणूस आत शिरला कसा?

देशपांडे काका, बी-३०२: पोराची नजर चांगली आहे! फोम रबराचे दोन पोशाख होते, एकाची चेन पुढे आणि दुसऱ्याची मागे. गॉर्ट समोरून दाखवायचा असेल तर मागे चेन असलेला घालायचा, पाठमोरा असेल तर पुढे चेन असलेला. आत होता लॉक मार्टिन, हॉलिवूडमधल्या एका थिएटरचा दारवान, सात फुटांहून उंच. पण अंगात ताकद बेताची, म्हणून नायिकेला उचलून नेतानाचं तिचं वजन तारांवर पेललं होतं.

मिलिंद, सी-५०१: मी तर संगीतातच अडकलो. थेरेमिन हे वाद्य हात न लावता वाजवतात. एका अँटेनाजवळ हात नेला की सूर चढतो, दुसरीजवळ नेला की आवाज बारीक होतो. पट्ट्या नाहीत, पडदे नाहीत, एका सुरावरून दुसऱ्यावर जायचं तर मींडच घ्यावी लागते. संगीतकार बर्नार्ड हरमनने अशी दोन थेरेमिन वापरली आहेत. तबकडी उतरताना पोटात जो गोळा येतो ना, त्याचं निम्मं श्रेय या वाद्याला.

स्नेहा, ए-१०४: मला वीज बंद पडते तो भाग फार आवडला. अर्धा तास जगभर सगळं ठप्प, पण दवाखाने चालू आणि उडती विमानंही सुखरूप. धाक दाखवायचा, पण कोणाचा जीव जाऊ द्यायचा नाही. माझ्या सासूबाई म्हणाल्या, हा पाहुणा संस्कारी दिसतो.

देशपांडे काका, बी-३०२: सासूबाईंनी बरोबर ओळखलं. म्हणूनच हा सिनेमा सत्तर वर्षांनंतरही शिळा वाटत नाही. तो काळ आठवा. ऑगस्ट १९४९मध्ये सोव्हिएत रशियाने अणुबाँबची चाचणी केली, जून १९५०मध्ये कोरियात लढाई पेटली, आणि सप्टेंबर १९५१मध्ये हा सिनेमा आला. तबकडी उतरते ती भर वॉशिंग्टनमध्ये, बेसबॉलच्या मैदानावर. बातम्या देणारे काही जण तर त्या वेळचे खरेखुरे वार्ताहर आहेत. क्लाटू राष्ट्राध्यक्षांसाठी भेट आणतो, ती खिशातून काढतो आणि एक घाबरलेला शिपाई त्याच्यावर गोळी झाडतो. पुढे तो साध्या खोलीत भाड्याने राहतो, घरातल्या मुलाबरोबर आर्लिंग्टनच्या सैनिकी दफनभूमीत जातो. मुलाचे वडील तिथे पुरलेले आहेत. इतकी माणसं लढाईतच गेली का, हा प्रश्न परग्रहावरचा माणूस एका लहान मुलाला विचारतो. राक्षस नाही, स्फोट नाही, आणि तरी तेवढ्या भागात हॉलमध्ये कोणी हललं नव्हतं.

वैशाली, ए-६०२: काका, सिनेमा मलाही आवडला, पण शेवट पटला नाही. क्लाटू सांगतो की आम्ही गॉर्टसारख्या यंत्रमानवांना पोलीस नेमलंय आणि दिलेला अधिकार आता परत घेता येत नाही. तुम्ही हिंसा पृथ्वीबाहेर आणलीत तर पृथ्वी जाळून टाकू. याला शांतता कसं म्हणायचं? कोणावर गोळी चालवायची हे यंत्राने ठरवावं की नाही, यावर आज जगभर वाद चालू आहे. १९५१च्या प्रेक्षकाला यात दिलासा वाटला असेल. मला भीती वाटली.

मिलिंद, सी-५०१: खरंय. आम्हीही घरी जेवताना यावरच बोलत होतो.

देशपांडे काका, बी-३०२: वैशाली, मी तो शेवट सूचना म्हणून घेत नाही, इशारा म्हणून घेतो. पण तुमच्या प्रश्नाला त्याच काळात दुसऱ्या देशातून उत्तर आलंय, ते सांगतो. १ मार्च १९५४ला अमेरिकेने बिकिनी बेटांवर हायड्रोजन बाँबची चाचणी केली. राख एका जपानी मासेमारी बोटीवर पडली, बोटीवर २३ माणसं होती, त्यांतले एक त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये वारले. नोव्हेंबरमध्ये जपानमध्ये 'गोजिरा' लागला, म्हणजे गॉडझिला या अजस्र राक्षसाचा सिनेमा. सुरुवातच समुद्रात एका बोटीवर येणाऱ्या संकटाने होते. हिरोशिमा, नागासाकी होऊन नऊच वर्षं झाली होती, त्यामुळे जळणारं टोकियो आणि जखमींनी भरलेले दवाखाने त्या प्रेक्षकांनी डोळ्यांनी पाहिलेले होते.

त्यात सेरिझावा नावाचा शास्त्रज्ञ आहे. गोजिराला मारू शकेल असा शोध त्याच्याकडे आहे, पण तो राज्यकर्त्यांच्या हाती पडेल म्हणून दडवून ठेवतो. शेवटी एकदाच वापरायला तयार होतो, आधी सगळे कागद जाळतो, आणि समुद्राच्या तळाशी स्वतःला वर ओढायची दोरीही कापून तिथेच मरतो. क्लाटूचे लोक सगळं बळ यंत्राच्या हाती देतात, सेरिझावा ते कोणाच्याच हाती ठेवत नाही. मला सेरिझावा जास्त जवळचा वाटतो.

वैशाली, ए-६०२: मग पुढच्या वेळी हाच लावा. पण मी लहानपणी पाहिलेल्यात एक अमेरिकन पत्रकार होता.

देशपांडे काका, बी-३०२: ती १९५६ची अमेरिकेतली आवृत्ती. पत्रकार झालेल्या रेमंड बर या नटाचे प्रसंग नंतर चित्रित करून मध्ये जोडले आणि अणुचाचण्यांबद्दलचं बरंच बोलणं कापलं. आपण मूळ जपानीच लावू, खाली इंग्रजी अक्षरं येतील.

मिलिंद, सी-५०१: गोजिराची डरकाळी नीट ऐका सगळ्यांनी. डबल बासच्या सैल केलेल्या तारेवर राळ लावलेला चामडी हातमोजा घासून आवाज काढला होता, मग टेपचा वेग कमी केला.

स्नेहा, ए-१०४: काका, अर्णव दुसरीत आहे. त्याला आणू का?

देशपांडे काका, बी-३०२: नको. आग लागलेल्या रस्त्यावर एक आई मुलांना कवटाळून बसलेली आहे, आता बाबांकडे जायचं म्हणून समजावते. तो प्रसंग लहानांना झेपणार नाही. सातवीच्या पुढच्या मुलांना आणा, आणि आई-बाबांपैकी एकाने तरी शेजारी बसा.