किलोमीटरचा आकडा आणि अर्थ फॉल्ट (जमिनीशी होणारा फॉल्ट)

ट्रान्समिशन लाइनवर फॉल्ट झाला की तो किती किलोमीटरवर आहे हे डिस्टन्स रिले (लाइनचं संरक्षण करणारं उपकरण) दाखवतो. फॉल्ट रेझिस्टन्समुळे (फॉल्टच्या जागचा रोध) आणि इन्फीडमुळे (पलीकडच्या टोकाकडून फॉल्टमध्ये येणारा करंट) हा आकडा फसवतो, असं या चर्चेत इतरांनी म्हटलंय, ते अगदी बरोबर. पण एक कारण राहून गेलंय: के-झिरोचं सेटिंग. जमिनीतून परतणाऱ्या करंटची भरपाई रिले याच आकड्यावरून करतो. फेज-फेज फॉल्टमध्ये (दोन फेजच्या तारांमधला फॉल्ट) त्याचा संबंधच येत नाही, म्हणून ते अंतर बरोबर निघतं आणि अर्थ फॉल्टचं तेवढं चुकतं. हा फरक दिसला की मी सगळ्यात आधी तिथेच बघतो.

आमच्या एका लाइनवर रिलेने ३१ किलोमीटर दाखवले. पेट्रोलिंगवाल्यांनी तिथले टॉवर दोनदा चढून पाहिले, काही नाही. शेवटी २६ व्या किलोमीटरवर सापडलं: इन्सुलेटर स्ट्रिंगच्या डिस्कवर पांढुरका भाजल्याचा डाग आणि आर्किंग हॉर्नचं (आर्क स्वतःवर घेणारा धातूचा दांडा) टोक वितळून गोळी झालेलं. के-झिरोचं सेटिंग ०.४ होतं, लाइनच्या इम्पीडन्सवरून हवं होतं ०.६७ च्या आसपास. के-झिरोचा आकडा कमी भरला की फॉल्ट आहे त्यापेक्षा लांब दिसतो. शिवाय त्याची व्याख्या प्रत्येक कंपनीची वेगळी. कुणी झेड-झिरो भागिले झेड-वन (लाइनचे झिरो आणि पॉझिटिव्ह सिक्वेन्स इम्पीडन्स) मागतं, कुणी त्या भागाकारातून १ वजा करून ३ ने भागलेलं. जुना रिले काढून नवा बसवताना तोच आकडा उचलून टाकू नका, कळकळीने सांगतो. डबल सर्किट लाइन असेल तर म्युच्युअल कपलिंगही (शेजारच्या सर्किटमधल्या करंटचा या सर्किटवर होणारा परिणाम) तपासा.