जुने ब्लॅक अँड व्हाइट राक्षसपट: आधी कुठला दाखवू?

सायली_ठाणे
लेक आठवीत आहे. हल्लीच्या भयपटांतलं दचकवणं आणि रक्त बघून कंटाळलीय, "आई, जुन्यातलं काहीतरी दाखव" म्हणते. दर शनिवारी रात्री एक बघायचा बेत आहे. राक्षसांच्या जुन्या सिनेमांत तुमचे नंबर कसे लागतात?

रातकिडा
पहिला 'ब्राइड ऑफ फ्रँकेन्स्टाइन' (१९३५), याबद्दल माझ्या मनात शंकाच नाही. पण सुरुवात त्याने करू नका. गोष्ट १९३१च्या 'फ्रँकेन्स्टाइन'वरून पुढे सरकते, म्हणून आधी तो. दोन्ही जेम्स व्हेलचे आणि दोन्ही जेमतेम सव्वा तासाचे.

१९३१च्या सिनेमात सुरुवातीच्या नामावलीत राक्षसापुढे नटाचं नावच नाही, नुसतं प्रश्नचिन्ह. तो बोरिस कार्लॉफ. दारातून पाठमोरा आत येतो आणि सावकाश वळतो. पुढे त्याला घडवणारा डॉक्टर छताची झडप उघडतो, तेव्हा तो वरून येणाऱ्या उजेडाकडे हात उंचावतो. उजेड हातात धरता येईल असं त्याला वाटतं. झडप बंद झाल्यावर ते हात डॉक्टरपुढे नुसते पसरलेले राहतात. तेवढ्या वेळात घरात कुणी बोलू नका.

'ब्राइड'मध्ये हाच जीव एका आंधळ्या म्हाताऱ्याच्या झोपडीत शिरतो. म्हातारा त्याला खायला घालतो, व्हायोलिन ऐकवतो, बोलायला शिकवतो. राक्षसाच्या गालावरून एक थेंब ओघळतो. इतक्या वर्षांत मला तो प्रसंग कोरड्या डोळ्यांनी बघता आलेला नाही.

दुसरा 'किंग काँग' (१९३३). बहुतेक प्रसंगांतलं माकड म्हणजे साधारण दीड फुटी बाहुलं, एकेक फ्रेमला किंचित हलवून चित्रित केलेलं. अंगावरचे केस सारखे थरथरतात, कारण दर वेळी हलवणाऱ्याची बोटं त्यांना लागायची. लेकीला हे आधीच सांगा, मग ती ते केसच बघत बसेल.

'ड्रॅक्युला' (१९३१) मी खाली ठेवतो. बेला लुगोसी आणि किल्ल्यातला सुरुवातीचा भाग जबरदस्त, पण गोष्ट लंडनला पोचली की नाटकासारखी दिवाणखान्यात अडकते. त्याच सेटवर रात्रपाळीत दुसऱ्या चमूने केलेला स्पॅनिश 'ड्रॅक्युला' जास्त जिवंत आहे.

समुद्रकाठ
आणि 'गॉडझिला'? १९५४चा, इशिरो होंडाचा. माझ्या यादीत तोच पहिला. त्याच वर्षी मार्चमध्ये बिकिनी बेटाजवळच्या अणुचाचणीची राख एका जपानी मासेमारी बोटीवर पडली होती. सिनेमाची सुरुवातच बोट बुडण्याने होते. जळत्या टोकियोत एक आई मुलांना कवटाळून "आता आपण बाबांकडे जाणार" म्हणते, तिथे राक्षसपट राहतच नाही तो. फक्त मूळ जपानी बघा, अमेरिकेत काटछाट करून वर नवे प्रसंग जोडलेला १९५६चा नको.

'फ्रँकेन्स्टाइन'चीही पूर्ण प्रत घ्या. तळ्याकाठच्या मुलीचा प्रसंग कित्येक वर्षं अर्ध्यावर कापलेला होता. कापल्यामुळे राक्षसाने तिचं काहीतरी भलतंच केलं असं वाटायचं.

रातकिडा
तळ्याच्या प्रसंगाबद्दल शंभर टक्के सहमत. 'गॉडझिला' माझ्याकडे तिसरा, त्याच्यावर भांडू आपण निवांत.

सायली_ठाणे
काल 'फ्रँकेन्स्टाइन' बघितला, पूर्ण प्रत. मुलगी आणि तो पाण्यात फुलं टाकतात, फुलं संपतात, मग तो तिलाच उचलून टाकतो. मी लेकीकडे बघितलं. ती हळूच म्हणाली, "आई, फुलं तरंगत होती ना, म्हणून."

पुढच्या शनिवारपर्यंत ती थांबणार नाही. आज रविवार असूनही जेवणं झाली की 'ब्राइड' लावतोय.