नेवासे तालुक्यातील पायाभरणी: जुने ख्रिस्तमंदिर पाडलेच पाहिजे का?

प्रवराकाठचा

आपल्या ख्रिस्ती मंडळीची परवाची घोषणा वाचल्यापासून स्वस्थ बसवेना, म्हणून सविस्तर लिहितो. घोषणेत म्हटले आहे, की येत्या रविवारी उपासनेनंतर आमदारसाहेबांच्या हस्ते नव्या ख्रिस्तमंदिराची पायाभरणी होईल, प्रत्येक घराने ठरलेली वर्गणी त्यापूर्वी पंच कमिटीकडे जमा करावी आणि जुनी धोकादायक इमारत पावसाळ्याआधी उतरवण्यात येईल. ती धोकादायक आहे, हा निर्णय कोणी आणि कोणत्या तपासणीवरून दिला, याबद्दल त्यात एक अक्षरही नाही.

अमेरिकन मराठी मिशनचे लोक १८३१ मध्ये नगरला आले तेव्हापासून त्यांनी शाळांचा ध्यास घेतला होता. याच मिशनच्या सिंथिया फरारबाईंची नगरची मुलींची शाळा पाहून जोतीराव फुल्यांना पुण्यात तसेच काम करण्याची प्रेरणा मिळाली, हे आपल्यापैकी प्रत्येकाने भाषणांतून सांगितले आहे. त्याच वळणावर आपल्या खेड्यांतली मंदिरे चालली; आठवडाभर शाळा आणि रविवारी उपासना. माझ्या आजोबांनी आपल्या मंदिराच्या सारवलेल्या जमिनीवर बसून बाराखडी गिरवली. त्या काळ्या दगडाच्या भिंती आणि छपर तोलणाऱ्या सागवानी कैच्या पाडून तिथे स्लॅबचा ठोकळा उभारायचा, दाराशी देणगीदारांची संगमरवरी पाटी लावायची आणि मग त्या मंदिरात बसायचे कोणी? निम्म्या घरांना कुलपे आहेत. नाताळ सोडला तर बाकांवर चार म्हातारी माणसे असतात.

गावातच राहणारी

भाऊ, सलाम. आपण राहता पुण्यात, त्यामुळे आपल्याला डिसेंबरातले मंदिर दिसते. मला जुलैतले दिसते. कौलांवर ताडपत्री टाकूनही व्यासपीठावर धार लागते, प्रभुभोजनाचे टेबल दर वेळी कोरडा कोपरा शोधत सरकवावे लागते आणि गेल्या पावसाळ्यात मागच्या भिंतीचा दगड जिथे पडला, तिथे तासाभरापूर्वी शब्बाथ शाळेची, म्हणजे रविवारच्या धर्मशिक्षणाच्या वर्गाची, मुले बसली होती. त्या मुलांत माझी नात होती. बाकांवर बसणारी जी चार म्हातारी माणसे आपण मोजलीत, त्यांतली एक मी आहे.

आजोबांच्या बाराखडीचे म्हणाल, तर ती माझ्याही आजोबांनी तिथेच गिरवली. ज्यांना गावच्या देवळाची पायरी चढू दिली जात नव्हती, त्या माणसांनी डोक्यावर दगड वाहून ते मंदिर बांधले. त्या वेळी त्यांच्या आवाक्यात जे होते ते त्यांनी उत्तम केले. आज आमच्या आवाक्यात स्लॅब आहे, तर आम्ही मात्र वेशीबाहेरच्या गळक्या छपराखाली वारसा म्हणून बसायचे, असे आपले म्हणणे आहे का? आमदारसाहेबांना बोलावले ते मंदिरापर्यंतच्या रस्त्यासाठी. आपण रस्ता करून देत असाल तर कुदळ आपल्या हाती देऊ.

निवृत्त ओव्हरसियर

मी ती इमारत आतून-बाहेरून पाहिलेली आहे. भिंतीला जो फुगवटा आला आहे तो वयामुळे आलेला नाही. मूळ भिंत मातीत बांधलेली आणि बाहेरून दगडांचे सांधे चुन्याने भरलेली होती. ती ओल घेत असे आणि सोडतही असे. पुढे कोणा हौशी देणगीदाराने तिच्यावर दोन्ही बाजूंनी सिमेंटचा गिलावा चढवला, त्यामुळे छपरातून उतरलेले पाणी आतच कोंडले आणि सांध्यांतली माती विरघळू लागली. गिलावा काढून, फुगलेला भाग उतरवून पुन्हा चुन्यात बांधला आणि कौले बदलली, तर ती इमारत आणखी कित्येक वर्षे उभी राहील. कैच्यांना तर हात लावण्याचीही गरज नाही.

मात्र नवीच बांधायची असेल तर पायाभरणीच्या फोटोंपेक्षा पायाची काळजी अधिक करा. तुमची जमीन काळी आहे. पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. मुरूम लागेपर्यंत न खोदता वरच्यावर पाया घातला, तर पाचव्या वर्षी स्लॅबच्या मंदिरालाही तडे जातील. नेवाशापासून शेवगावापर्यंत असे तडे गेलेली सभागृहे सर्व धर्मांच्या लोकांनी बांधून ठेवलेली आहेत.

सातबारा आधी

चुना की सिमेंट, हा वाद रंजक आहे. पण जमीन कोणाच्या नावावर आहे, हे एकानेही विचारलेले नाही, याचे मला नवल वाटते. सातबाऱ्यावर मिशनचे नाव आहे, की न्यासाचे, की कधीच्या काळी वारलेल्या एखाद्या विश्वस्ताचे? धर्मादाय आयुक्तांकडील नोंदवहीत ही मिळकत चढलेली आहे का? विश्वस्त बदलले तेव्हा सार्वजनिक न्यासाच्या कायद्यातील कलम २२ खाली बदल अर्ज दिला होता का?

हे विचारण्याचे कारण आहे. माझे बालपण ज्या मिशन कंपाउंडमध्ये गेले, तिथे आज दुकानांचे गाळे आहेत. तिथेही सुरुवात अशीच, हार-तुऱ्यांनी आणि प्रार्थनेने झाली होती. आधी जुने वसतिगृह धोकादायक ठरले, मग ते पडले, मग मोकळी जागा विकासकाला द्यायचे ठरले, आणि आम्ही जागे झालो तेव्हा कागद पुरे झाले होते. न्यासाची स्थावर मिळकत विकायची असो किंवा बिगरशेती जागा तीन वर्षांहून अधिक मुदतीने भाड्याने द्यायची असो, कलम ३६ प्रमाणे आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते, हे तेव्हा आमच्यातल्या कोणालाही ठाऊक नव्हते.

गावातच राहणारी

आपल्या कंपाउंडचे जे झाले त्याचे मलाही दुःख आहे. पण आम्ही जागा विकत नसून तिच्यावर मंदिर बांधत आहोत. प्रत्येक कुदळीमागे विकासक पाहायचा असेल तर उद्या संडासही बांधता येणार नाही.

सातबारा आधी

बांधकामासाठी ग्रामपंचायतीकडे अर्ज कराल तेव्हा मालकीचा कागद मागतील, ताई, आणि तो कागद तुमच्याकडे नसेल तर आमदारसाहेबांची कुदळ तिथेच राहील. दुसरे असे, की १९७० साली नागपुरात अनेक प्रोटेस्टंट मंडळ्या एकत्र येऊन सीएनआय (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) स्थापन झाली म्हणून जुन्या मंडळ्यांच्या मिळकती आपोआप तिच्याकडे गेल्या, असे आपल्यातले पुष्कळ लोक अजून समजतात. गुजरातमधल्या ब्रदरन या प्रोटेस्टंट पंथाच्या मंडळीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये सांगितले, की विलीनीकरणाचा नुसता ठराव पुरेसा नाही आणि सार्वजनिक न्यासाच्या कायद्यातील पद्धत पाळावीच लागते. तुमच्या पंच कमिटीत हा निकाल कोणी वाचला आहे?

गावातच राहणारी

आमच्या पंच कमिटीत दोन शेतकरी, एक शिवणकाम करणारी बाई आणि एक निवृत्त पोस्टमन आहेत. निकाल वाचलेले सगळे लोक शहरात राहतात आणि गावात काही होऊ लागले की तिथून पत्रे लिहितात.

प्रवराकाठचा

विषय माझ्या मंदिरावरून न्यायालयात गेला आहे, तो परत आणावा अशी विनंती आहे. ओव्हरसियर साहेबांचे मत माझ्याच बाजूचे आहे, हे सर्वांच्या लक्षात आले असेलच.

निवृत्त ओव्हरसियर

मी कोणाच्याही बाजूचा नाही. चुन्याचे काम जाणणारा गवंडी आज मिळणे कठीण आहे, तो मिळाला तरी त्याची मजुरी सिमेंटच्या कामाहून अधिक पडेल, आणि दुरुस्तीला आमदार निधी देणार नाहीत, कारण दुरुस्तीवर पाटी लावता येत नाही. हा हिशेब प्रवराकाठच्यांनी केलेला दिसत नाही.

हरेगावचा यात्रेकरू

मी कॅथलिक आहे, तुमच्या मंडळीत माझे मत नाही, तरी एक विचारतो. सप्टेंबरात आमच्याकडे मतमाउलीच्या, म्हणजे मारियामातेच्या, यात्रेला सर्व धर्मांचे लोक लोटतात, त्यात तुमचेही असतात. एक रविवार श्रमदान मागितले तर जुना गिलावा खरवडायला माणसे मिळणार नाहीत का?

गावातच राहणारी

माणसे मिळतील, जेवण आम्ही घालू. पण त्या रविवारी पुण्याची मंडळी येतात की शुभेच्छा पाठवतात, ते पाहू.

माझ्यापुरते सांगते. मागची भिंत आधी उतरवून पाहावी आणि बाकीची इमारत तूर्त ठेवावी, असा ठराव मी पंच कमिटीपुढे मांडेन, कारण ओव्हरसियर साहेबांनी निदान तिथे येऊन भिंत पाहिली आहे. पायाभरणी पुढे ढकलली जाईल असे मात्र कोणी समजू नये; मांडवाची सुपारी गेली आहे. शेजारच्या मोकळ्या पट्ट्यात शब्बाथ शाळेची खोली बांधायची म्हटली, तर कुदळ तिथे मारता येईल.

प्रवराकाठचा

म्हणजे आमदारसाहेब एका खोलीच्या पायाभरणीला येणार. फारच छान. तरी माझी वर्गणी पाठवतो. पावतीवर ‘कौलांसाठी’ असे स्पष्ट लिहावे.

सातबारा आधी

पावतीवर न्यासाचा नोंदणी क्रमांक छापलेला आहे का, ते आधी पाहा.