एका शेतकऱ्याची कॉफी वर्षभर पुरते कशी?

ओली_चेरी:
शेजारच्या धाग्यावरचं वाक्य: "अडीचशे ग्रॅमला सातशे रुपये द्या, पाकिटावर शेतकऱ्याचा फोटो बघा, पैसा थेट त्याच्या हातात जातो." वाचून डोकं उठलं. हिशोब मांडतो. भाव आणि उतारा समजुतीपुरता धरलाय, त्यावरून वाद नको.

अराकू-कोरापूटकडे, आंध्र-ओडिशाच्या डोंगरात, शेतकऱ्याची कॉफी एक-दोन एकर. सिल्व्हर ओकची सावली, त्यावर मिरीचे वेल. एकरी १५० किलो साफ बी (वाळवून सोललेलं, न भाजलेलं, म्हणजेच हिरवं बी) धरा, म्हणजे त्याच्या सहापट, ९०० किलो ओलं फळ. ते एकदम पिकत नाही, नोव्हेंबरपासून जानेवारीपर्यंत तीन-चार तोडे होतात. त्यातला मोठा तोडा ३०० किलोचा समजा. त्याचं हिरवं बी ५० किलो, भाजताना १६ टक्के वजन उडालं की उरली ४२ किलो. झाली १६८ पाकिटं. तोच फोटो बारा महिने विकला जात असेल तर आत कॉफी कुणाची?

पैशाचं बघा. एका पाकिटाला ३०० ग्रॅम हिरवं बी, म्हणजे १.८ किलो फळ. किलोला ८० रुपये धरले तर १४४. त्यातूनच तोडणीची मजुरी. नुसतं लाल फळ हवं तर एकेका झाडाशी चारदा जावं लागतं, ओरबाडून काढलं की एकदाच.

भट्टीवाला:
आणि उरलेले ५५६ भट्टीवाला, म्हणजे माझ्यासारखा कॉफी भाजून विकणारा गिळतो, असंच ना? त्यात वाहतूक, भाजणी, झडपेची पाकिटं, दुकानाचं कमिशन, भाडं, वीज, कुरिअर, नमुन्यांत आणि बिघडलेल्या घाण्यात गेलेला माल येतो. आणि तो माल महिनोन्महिने गोदामात असताना अडकलेला पैसा.

पाकिटात एकाच शेतकऱ्याचा माल का नसतो, तेही ऐका. तोडलेल्या दिवशीच गर निघायला हवा. आधी पाण्यात टाकून तरंगणारी पोचट आणि किडकी फळं काढायची. मग पल्पर, म्हणजे गर काढायचं यंत्र. फट जास्त ठेवली तर बारीक फळ तसंच सटकतं, कमी ठेवली तर बी चिरतं. मग चिकट गर सुटावा म्हणून टाकीत २४ ते ३६ तास आंबवायचं. बी चोळल्यावर वाळूसारखं करकरलं की धुवायचं. चार तास उशीर झाला तरी आंबूस वास लागू शकतो. तीस-तीस किलोच्या पन्नास वेगळ्या टाक्या कोण सांभाळणार? म्हणून गावाचा माल एकत्र होतो. यात फसवणूक कसली?

ओली_चेरी:
मग गावाचं नाव छापा. फोटो कशाला?

पाटीवरची_वाळवण:
अराकूच्या कॉफीचं २०१७ ला पॅरिसमध्ये दुकान निघालं, २०१९ ला जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालं. दर्जाशिवाय झालं का हे?

ओली_चेरी:
जीआय माल कुठला ते सांगतं. कपाला, म्हणजे चव चाखून, शंभरपैकी किती गुण पडले किंवा शेतकऱ्याला काय भाव मिळाला, यातलं काहीही त्यात नसतं.

जायफळपूड:
अडाणी प्रश्न. ही सातशेची कॉफी दुधात उकळून, साखर आणि जायफळ घालून चालते का? घरी तशीच पितात.

पाटीवरची_वाळवण:
अरे देवा.

भट्टीवाला:
नाही चालत. फिक्या भाजणीचं बी टणक असतं, त्यातली फळाची आंबट चव दुधात पातळ आणि विचित्र लागते. वर जायफळ घातलं की संपलंच. थेट चिकोरीवाली (चिकोरीच्या भाजलेल्या मुळाची पूड मिसळलेली) घ्या ना.

जायफळपूड:
"थेट चिकोरीवाली घ्या" हा माज कशाला? महाराष्ट्रातल्या निम्म्या घरांत कॉफी म्हणजे दूधच. त्यांना हाकलून लहान शेतकऱ्याचं कसलं भलं करताय?

द्राविडी_फिल्टर:
जायफळताई, मध्यम-गडद भाजणीची धुतलेली (गर काढून, धुऊन वाळवलेली) अरेबिका जातीची कॉफी घ्या. २० ग्रॅम भरड पूड, १०० मिली उकळतं पाणी, फिल्टरमध्ये २० मिनिटं. एक भाग डिकॉक्शन (खाली उतरलेला दाट काढा), तीन भाग गरम दूध. जायफळ चिमूटभर, गॅस बंद केल्यावर किसून. उकळलंत तर कडवट होतं. चिकोरीचं म्हणाल तर मिश्रणात ती ४९ टक्क्यांपर्यंत कायदेशीर आहे, पाकिटामागची बारीक अक्षरं वाचत जा.

पाटीवरची_वाळवण:
विषय शेतकऱ्यांचा होता. जायफळाचा वेगळा धागा काढा.

जायफळपूड:
विषय तोच आहे, तुम्हाला दिसत नाही. एका हंगामात ८६-८७ गुणांचा माल किती निघतो? बाकीच्याचं काय होतं?

ओली_चेरी:
सगळ्या धाग्यात नेमका प्रश्न जायफळवाल्यांनीच विचारावा! भट्टीवाले मधल्या तोड्यातली मलई उचलतात. पहिल्या तोड्यात फळ विषम पिकलेलं, शेवटच्यात हिरवं आणि झाडावरच सुकलेलं. तो माल शेतकऱ्याच्या गळ्यात. ८० च्या वर गुण पडले की स्पेशॅल्टी, म्हणजे उंची दर्जाचीच, पण ८१ ची कॉफी कॅफेवाल्याला नको. दुधात उत्तम लागते ती, आणि सगळं पीक खपवायचं तर गिऱ्हाईक तिथेच आहे.

वर आता नवं खूळ, हवाबंद पिंपातलं आंबवण. झडपेचं झाकण लावून ७२ तास, सामू (पीएच, आंबटपणाचं माप) ४ च्या आसपास आला की थांबवायचं. सामू मोजायची पट्टी नाही, रात्री गारठा किती पडेल त्याचा नेम नाही. व्हिनेगर झाला तर भट्टीवाला नमुना नाकारतो आणि पीक बुडतं ते एकट्या शेतकऱ्याचं. प्रयोग तुमचा असेल तर पिंपात फळ पडायच्या आधी पैसे द्या.

पाटीवरची_वाळवण:
पिंप सोडा, साधं नॅचरलसुद्धा (फळ गरासकट वाळवणं) अवघड. धुतलेलं बी ८-१० दिवसांत वाळतं, अख्ख्या फळाला तीन आठवडे लागतात. उंच जाळीवर थर एका फळाचा, फार तर दोन. दिवसातून पाच-सहा वेळा पलटा, रात्री झाका. ओलावा ११ टक्क्यांवर यायला हवा, साडेबाराच्या वर पोत्यात भरलं की बुरशी. डिसेंबरात बंगालच्या उपसागरात वादळ उठलं की संपलं. तरी पाणी नसलेल्या पाड्यावर दुसरा इलाज काय, हेही सांगा.

ओली_चेरी:
ते मान्य. पाण्याचा मुद्दा तुमचा.

भट्टीवाला:
आणि शेतकरी शब्द फिरवतो त्याचं काय? फेब्रुवारी २०२५ मध्ये न्यूयॉर्कचा अरेबिकाचा भाव पौंडाला ४ डॉलरच्या वर गेला, तेव्हा ठरलेला माल बांधावरच्या व्यापाऱ्याला गेला. आम्ही बघत बसलो.

ओली_चेरी:
व्यापारी फळ तोलून त्याच दिवशी रोख देतो. तुम्ही? वाळवण, मग पार्चमेंटमध्ये (बीवरच्या कडक सालीत) दीड-दोन महिने विश्रांती, मग चव, मग पैसे. मजुरांचे पैसे आठवड्याच्या बाजारी द्यावे लागतात. बाजारभाव चढला की तुमचा जादा भाव आपोआप फिका पडतो. करारात "बाजारभाव अधिक इतके" असं नसून ठरीव आकडा असेल, तर शब्द नक्की कुणी फिरवला?

भट्टीवाला:
ठीक आहे, निम्मी रक्कम तोडणीच्या वेळी द्यायला हवी. पण मग खराब मालाची जोखीम दोघांची.

जायफळपूड:
आणि ती ८१ वाली, मध्यम-गडद, दुधाची?

भट्टीवाला:
आहे. किलोवर घ्याल तर स्वस्त पडेल.

ओली_चेरी:
त्या पाकिटावर गाव, हंगाम आणि भाजल्याची तारीख छापा, फोटो काढून टाका. मग मी गप्प.

भट्टीवाला:
गाव, हंगाम, तारीख छापतो. फोटो राहणार. खप त्याच्यावरच आहे.