मदत हवी आहे: तैलचित्रांच्या फोटोत चकाकी येते

रानजाई: बाबांच्या चित्रांचे फोटो काढतेय. दोन एलईडी दिवे आणले, तरी प्रत्येक फोटोत पांढरे डाग, गडद भाग दुधाळ. शनिवारपर्यंत गॅलरीला पाठवायचेत. काय चुकतंय? लवकर सांगा.

कुंचला: दिवे कुठे ठेवलेत? चित्रांवर काच आहे का? कॅमेरा की मोबाइल?

उंबरठा: दिवे काढूनच टाका. उत्तरेच्या खिडकीपाशी चित्र ठेवा, घरातले दिवे बंद. माझ्या वारली चित्रांचे फोटो असेच काढतो, कधीच चमक आली नाही.

कुंचला: वारलीची गेरूची जमीन मुळातच चमकत नाही. तैलरंगाचं तसं नाही. शिवाय एकाच खिडकीने मोठ्या चित्राची लांबची बाजू काळवंडते.

उंबरठा: त्या बाजूला पांढरा थर्माकोल उभा करा की.

रानजाई: काच नाही, पण वॉर्निश आहे. डीएसएलआर, ५० ची लेन्स. दिवे कॅमेऱ्याच्या दोन्ही बाजूंना, अगदी लगत.

जुनीपेटी: वॉर्निश पिवळं पडलं असेल तर कापलेला बटाटा फिरवा, चित्र लख्ख होतं.

कुंचला: कृपा करून असं करू नका! ते पाणी भेगांत शिरलं की रंगाचे पोपडे सुटतात. आणि सफाईचं कुणी विचारलेलंच नाही.
रानजाई, घोटाळा त्या 'लगत'मध्ये आहे. समोरून पडलेला प्रकाश समोरच, म्हणजे थेट लेन्समध्ये परततो. दिवे बाजूला न्या, चित्राच्या पृष्ठभागाशी ४५ अंश किंवा थोडे कमी. मग चित्राच्या मध्यावर पेन्सिल सरळ आपल्याकडे टोक करून धरा, रंगाला न टेकवता. दोन्हीकडच्या सावल्या सारख्याच लांब आणि सारख्याच गडद हव्यात. ट्यूबलाइट बंद.

निळीशाई: एवढ्याने दाट रंगाच्या कडा चमकायच्या थांबत नाहीत. दोन्ही दिव्यांवर एकाच दिशेने पोलरायझर फिल्म (एकाच दिशेत कंप पावणारा प्रकाश पुढे सोडणारी) लावा आणि लेन्सवरचा पोलरायझर फिरवत न्या. दिव्यांचा सीआरआय, म्हणजे त्या प्रकाशात रंग किती खरे दिसतात त्याचा १०० पैकी आकडा, किती आहे? ९५ च्या आसपास हवा, नाहीतर लाल रंग मरगळतो.

उंबरठा: सगळी चमक मारली तर सुरीने लावलेला रंग सपाट दिसेल. तो थोडा चमकायलाच हवा.

निळीशाई: म्हणून तर पूर्ण फिरवायचा नाही.

रानजाई: दिवे सरकवले, नऊ चित्रं झाली! फिल्म शनिवारच्या आत मिळणार नाही. रात्रीच्या घाटाचं मोठं चित्र मात्र उजवीकडे अजून पांढुरकं येतंय.

कुंचला: त्यात समोरची भिंत उमटत असेल. कॅमेऱ्यामागे काळं कापड टांगा, स्वतःही गडद कपडे घाला.

रानजाई: आईची चंद्रकळा टांगली, जरीचा काठ मागे दुमडून. घाटाच्या पायऱ्या दिसायला लागल्या, पाण्यातला दिवासुद्धा.